टायमिंग पुढं की मागं? डिझेल ट्रकची कमी वेगातली खटखट समजून घेताना

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे ट्रकची रांग लागते. तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरात, जेमतेम रेस ठेवून सरकत राहायचं. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगानं गुमान पळणारी जुनी गाडी इथं खरा स्वभाव दाखवते. इंजिन ठणठणतं, गाडी उचक्या देते, केबिनच्या काचा थरथरतात. चालक जवळच्या गॅरेजात जातो.

"मामा, गाडी लई ठोकतिया."

"टायमिंग पुढं गेलंय. दोन डिग्री मागं घेतो, मऊ चालंल."

बहुतेक वेळा गाडी खरंच थोडी मऊ होते. पण महिनाभरात दुसरी तक्रार येते: घाटात ओढत नाही, डिझेल जास्त खाते, सायलेन्सर तापतो. मग दुसरा मिस्त्री तेच टायमिंग पुन्हा पुढं घेतो. गाडीमालकाच्या डोक्यात एवढंच राहतं की टायमिंग म्हणजे मिस्त्रीच्या हातातलं काहीतरी गूढ. त्यात गूढ काही नाही. शाळेतलं गणित येत असेल तर कुणालाही ते कळतं.

टायमिंग म्हणजे काय

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टन १६ ते १८ पट दाबतो. दाबलेली हवा तापते, पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी नोझल त्या हवेत डिझेलचा फवारा सोडतो आणि फवारा आपोआप पेटतो. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि त्यावर ट्रक चालतो.

फवारा कधी सुरू करायचा, याचं नाव टायमिंग. ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं गोल फिरणाऱ्या दांड्याच्या, अंशांत मोजतात. पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेला टीडीसी म्हणतात आणि टीडीसीच्या किती अंश आधी फवारा सुटतो ते टायमिंगचा आकडा सांगतो. जुन्या ट्रक इंजिनांत तो साधारण पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान असतो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा मात्र त्याच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, शेजारच्या गाडीचा उपयोगी नाही. फवारा लवकर सुटला की मिस्त्री म्हणतात टायमिंग पुढं, उशिरा सुटला की मागं.

१८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं, तेव्हा इंधन आत ढकलायला दाबलेली हवा वापरावी लागे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, म्हणजे अवाढव्य वजन. असलं धूड ट्रकमध्ये बसणार कसं? १९२७ साली जर्मनीच्याच बॉश कंपनीनं इंजेक्शन पंपाचं, म्हणजे डिझेल दाबानं नोझलकडे ढकलणाऱ्या पंपाचं, मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन खऱ्या अर्थानं रस्त्यावर आलं. आपल्याकडे १९५१ साली बेंगळुरूत मायको कंपनी सुरू झाली आणि हे पंप इथंच बनू लागले. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी गॅरेजमध्ये पंप अजून मायकोचाच असतो.

फवारा पडला की लगेच पेटत नाही

सगळ्या खटखटीचं मूळ इथं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

फोडणी करताना तेल नीट तापण्याआधीच मोहरी टाकली तर ती काही वेळ तळाशी गप्प पडून राहते आणि मग सगळी एकदम तडतडून ओट्यावर उडते. तेल कडकडीत असेल तर पडेल तसा एकेक दाणा तडतडतो, भडका उडत नाही. डिझेलचा फवारा असाच वागतो. नोझलमधून निघालेल्या थेंबांची आधी वाफ व्हायला लागते, ती हवेत मिसळते, मग पेट घेते. यात जाणाऱ्या वेळेला आपण "पेटण्याचा उशीर" म्हणू. तो साधारण एका मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो. हवा कमी तापलेली असली तर जास्तच.

या उशिरात नोझल काही बंद होत नाही, डिझेल येतच राहतं. उशीर जितका लांबेल तितकं न पेटलेलं डिझेल साठतं आणि मग एकदम पेटतं. सिलिंडरमधला दाब हळूहळू चढण्याऐवजी हातोडा मारल्यासारखा चढतो. डिझेलची ती ओळखीची खटखट हीच.

टायमिंग फार पुढं असलं की फवारा अजून पुरेशा न तापलेल्या हवेत पडतो. उशीर लांबतो, खटखट वाढते. टायमिंग थोडं मागं घेतलं की फवारा टीडीसीच्या जवळ, जास्त तापलेल्या हवेत पडतो, लवकर पेटतो आणि आवाज मऊ होतो. गव्हाणीपुढच्या मिस्त्रीचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

मिलिसेकंद तोच, अंश वेगळे

इंजिन मिनिटाला ६०० फेरे मारत असेल, म्हणजे आयडलवर (रेस न देता नुसतं चालू) असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँक ३.६ अंश फिरतो. २४०० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात १४.४ अंश.

आता समजा फवारा टीडीसीच्या २० अंश आधी सुटतोय. २४०० फेऱ्यांवर टीडीसीला पोचायला जेमतेम १.४ मिलिसेकंद उरतात. त्यातला एक पेटण्यात जातो आणि पिस्टन वर पोचतो न पोचतो तोच ढकलणी सुरू होते. छान. पण ६०० फेऱ्यांवर हेच २० अंश म्हणजे साडेपाच मिलिसेकंद! हवा अजून पुरती तापलेली नाही, डिझेल साठून राहतं आणि पिस्टन वर चढत असतानाच त्याच्या डोक्यावर भडका उडतो. इंजिन स्वतःविरुद्धच जोर लावतं.

थोडक्यात, वेगात पळायला टायमिंग पुढं हवं आणि रांगेत सरकायला मागं हवं. एकाच ठिकाणी पक्क्या बसवलेल्या पंपाला ही दोन्ही मनं राखता येत नाहीत, म्हणून कंपनी मधला आकडा निवडते. हा आकडा निवडताना तिच्यासमोर हायवेवर, भरल्या लोडनं चालणारी गाडी असते, कारण ट्रकचं बहुतेक आयुष्य तिथंच जातं. उसाची रांग, खाणीतला टिप्पर, कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमधलं मागं-पुढं करणं हा तिच्या हिशेबात छोटा भाग.

बऱ्याच पंपांच्या पुढच्या तोंडाशी एक टायमर असतो. आत वजनं आणि स्प्रिंगा. फेरे वाढले की वजनं बाहेर फाकतात आणि पंपाचा शाफ्ट काही अंश पुढं ढकलतात. फेरे कमी झाले की स्प्रिंग मागं ओढते. त्यामुळे आयडलला टायमिंग मागं आणि वेगात पुढं, दोन्ही साधतं. टायमरच्या स्प्रिंगा थकल्या किंवा पिना झिजल्या की मात्र तो कमी फेऱ्यांतही मध्येच पुढं सरकतो आणि परत येतो. अशा गाडीचा आवाज रांगेत एका लयीत राहत नाही. पंप सरकवून यावर इलाज होत नाही, टायमरच उघडावा लागतो.

पंप सरकवतात म्हणजे काय करतात

टाटाच्या १२१० किंवा १६१३ सारख्या जुन्या सहा सिलिंडरच्या गाड्यांवर हे काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे.

पहिला सिलिंडर दाबाच्या स्ट्रोकवर आणतात. तो आलाय हे ओळखायला सहाव्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बघायचे. एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, अशा डुलत्या अवस्थेत ते असले की पहिला बरोबर जागी आहे. मग पंपाच्या पहिल्या आउटलेटवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून ठेवतात, होल्डर परत बसवतात आणि त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी लावतात. रेसचा लिव्हर पूर्ण उघडा ठेवायचा. एकजण हँड प्रायमर मारतो, नळीतून डिझेलची धार पडू लागते. दुसरा इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं हळूहळू फिरवतो. धार बारीक होते, तुटते, थेंब पडू लागतात, मग थेंबही रेंगाळतात. धार थांबते तो क्षण म्हणजे पंपाच्या प्लंजरनं, म्हणजे आतल्या दट्ट्यानं, भोक झाकलं, आता डिझेल नोझलकडे जाणार. त्या क्षणी फ्लायव्हील किंवा पुलीवरची खूण वाचायची. तेच त्या गाडीचं टायमिंग.

आकडा चुकला असेल तर पंपाच्या फ्लँजचे, म्हणजे पंप इंजिनाला जोडणाऱ्या चकतीचे, बोल्ट सैल करतात. त्यांची भोकं लांबट असतात, त्यामुळे पंप थोडा फिरवता येतो. शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला पंप फिरवला की टायमिंग पुढं, त्याच दिशेला फिरवला की मागं. मग क्रँक चांगला मागं नेऊन पुन्हा पुढच्या दिशेनंच खुणेवर आणायचा, नाहीतर गिअरच्या दातांमधली ढिलाई आकडा खोटा दाखवते. घाईतला मिस्त्री हीच पायरी गाळतो.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. पंप एक अंश सरकला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. फ्लँजवर केंद्रापासून पाच सेंटिमीटरवर मोजलं तर पंपाचा एक अंश म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. बोल्ट सैल करून हातोडीची एक टिचकी मारली की दोन-तीन अंश गेलेच. "थोडंसं सरकवलं" या शब्दांवर म्हणूनच माझा विश्वास नाही. किती सरकवलं ते खूण वाचूनच कळतं.

"पण मागं घेतल्यावर मऊ झाली की! मग अडचण काय?"

टायमिंग आधीच पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पुढं असेल तर अडचण काहीच नाही. तेव्हा मागं घेणं म्हणजे दुरुस्तीच आहे. खटखट जाईल, थंडीत गाडी सहज सुरू होईल, कदाचित ॲव्हरेजही सुधारेल. एखादा चालक "मागं घेतल्यावर ॲव्हरेज वाढलं" म्हणतो तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

टायमिंग बरोबर असताना मऊपणासाठी आणखी मागं घेतलं तर किंमत मोजावी लागते, आणि ती रांगेत दिसत नाही. ती खंबाटकी किंवा आंबा घाटात दिसते. भरल्या लोडवर, वरच्या फेऱ्यांत फवारा उशिरा पेटतो, तोपर्यंत पिस्टन खाली पळू लागलेला असतो. ढकलणीतला बराच जोर वाया जातो आणि उरलेली उष्णता सायलेन्सरकडे निघते. टर्बो असेल तर तो भाजून निघतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, डिझेल जास्त लागतं. सकाळी थंड इंजिनावर डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर टायमिंग जास्तच मागं गेल्याचा संशय घ्यावा.

पुढच्या बाजूची किंमत आणखी जड आहे. फार पुढं असलेल्या टायमिंगमुळे रिंगा, बेअरिंगं आणि हेड गॅस्केट यांना रोज मार बसतो.

माझं मत विचाराल तर आधी पुस्तकातल्या आकड्यावर या. गाडी बहुतेक काळ संथच चालणार असेल, खाणीत किंवा शहरातल्या कचरा वाहतुकीत असेल, तर तिथून क्रँकवरचा एखादा अंश मागं घेणं समजू शकतो. त्यापलीकडे ज्याला मऊपणा हवाय त्यानं कारण दुसरीकडे शोधावं.

खटखट वेगळी, उचकी वेगळी

चालक एका दमात "ठोकते आणि झटके मारते" असं सांगतो, मिस्त्री दोन्हींना एकच औषध देतो आणि घोळ तिथंच होतो. खटखट हा आवाज आहे, तो फवारा पेटण्याच्या उशिरातून येतो आणि टायमिंगशी त्याचा थेट संबंध आहे. उचकी म्हणजे चाकांपर्यंत पोचणारी ओढ असमान असणं. ती बहुतेक वेळा टायमिंगमधून येत नाही.

साधारण साडेपाच-पावणेसहा लिटरच्या, टर्बो नसलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात भरल्या लोडवर एका फवाऱ्यात ढोबळमानानं पन्नास-साठ घन मिलिमीटर डिझेल जातं. आयडलला दहाच्या आसपास. समजा पंपाचा एक प्लंजर झिजलाय आणि त्याच्या सिलिंडरला दोन घन मिलिमीटर डिझेल कमी मिळतंय. भरल्या लोडवर हा फरक चार टक्क्यांच्या आत, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आयडलला मात्र तो वीस टक्के झाला. सहापैकी एक सिलिंडर दर दोन फेऱ्यांनी लंगडतो आणि पहिल्या गिअरात सरकणारी गाडी त्याच तालात उचकते. हायवेवर निरोगी आणि रांगेत आजारी, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इतकं साधं असतं.

हे टायमिंग सरकवून कसं जाणार? त्याला पंप काढून लॅबमध्ये बेंचवर चढवावा लागतो. तिथं सहाही आउटलेटखाली काचेच्या मोजनळ्या ठेवून ठरलेल्या स्ट्रोकमध्ये कुणी किती डिझेल दिलं ते मोजतात आणि सारखं करतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. सोबत फेजिंगही बघायला सांगावं. सहा सिलिंडरच्या पंपात प्रत्येक प्लंजरनं आधीच्या प्लंजरनंतर बरोबर ६० अंशांनी सुरुवात करायला हवी. आपण हंसमानेच्या नळीनं फक्त पहिल्याचं टायमिंग बघितलं. पहिला बरोबर असूनही चौथा दोन अंश मागं असू शकतो. लॅबकडून रीडिंगचा कागद मागून घ्या, आयडलचे आकडे वेगळे लिहिलेत का ते बघा. नुसतं "पंप ओके" हे उत्तर नव्हे.

लंगडा सिलिंडर ओळखायची जुनी युक्ती आहे. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत, आयडलवर, एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करत जायचं. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही तो आधीपासूनच काम करत नव्हता. हात मात्र फवाऱ्यासमोर चुकूनही नेऊ नये, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. आणि कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं फवारा सोडणाऱ्या, नव्या गाडीत हा प्रयोग कधीच करू नये, तिथला दाब कितीतरी पट जास्त असतो.

बाकीचे संशयित भराभर सांगतो. नोझल गळत असेल तर फवाऱ्याऐवजी थेंब पडतात आणि खटखट वाढते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं असेल तर पेटण्याचा उशीर वाढतो, पंपही झिजतो आणि दोष टायमिंगवर येतो. डिझेल लाइनमध्ये हवा शिरत असेल तर आयडल डगमगतं. फेरे एका लयीत वर-खाली होत असतील तर गव्हर्नर, म्हणजे पंपातला फेरे आवरणारा भाग, बघा. क्लच, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि इंजिनाची रबर माउंटिंगं यांचा तर टायमिंगशी संबंधच नाही, पण उचकी त्यांचीही असू शकते.

पाइपांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. पंपापासून नोझलपर्यंतचे सहाही पाइप मुद्दाम एकाच लांबीचे असतात. जवळच्या सिलिंडरचा पाइप उगाच वळसे घेत गेलेला दिसतो तो त्यासाठीच. दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला साधारण १४०० मीटर वेगानं जाते, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या पाइपला अर्धा मिलिसेकंद. २४०० फेऱ्यांवर हे सात अंश होतात. कुणी रस्त्यात तुटलेल्या पाइपच्या जागी हाताला आला तो आखूड पाइप बसवला असेल तर त्या एका सिलिंडरचं टायमिंग वेगळं झालं. बॉनेट उघडून नुसतं बघितलं तरी हे सापडतं आणि पैसाही लागत नाही.

"आमचा मिस्त्री कानावर टायमिंग लावतो"

चांगल्या कानाचे मिस्त्री आहेत, नाकारायचं कारण नाही. पण कानाची एक अडचण आहे. टायमिंग पुढं गेलं की इंजिन कडक वाजतं आणि रेस दिल्यावर चटकन उठल्यासारखं वाटतं. चालकाला ते पिकअप वाटतं. रिकामी गाडी गॅरेजच्या दारात रेस करून बघितली तर पुढं गेलेलं टायमिंग नेहमीच जास्त तरतरीत भासतं. बारा टन माल घेऊन घाट चढताना काय होईल ते रिकाम्या गाडीचा आवाज सांगत नाही. कानानं संशय घ्यावा, निकाल खुणेवर लावावा.

टायमिंग आणि धूर: यात सरकार कुठून आलं

फवारा लवकर पेटला की सिलिंडरमधलं तापमान जास्त चढतं. त्या आचेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, ज्यांना नॉक्स म्हणतात. शहरातल्या धुरकट हवेत त्यांचा मोठा वाटा असतो. टायमिंग मागं घेतलं की नॉक्स कमी होतात, पण डिझेल जास्त लागतं आणि काजळी वाढते.

अमेरिकेत याच दोन-चार अंशांवरून मोठं प्रकरण झालं. ऑक्टोबर १९९८ मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्व्हो या सात कंपन्यांनी तिथल्या सरकारशी तडजोड केली. त्यांच्या इंजिनांतला कॉम्प्युटर प्रयोगशाळेतल्या चाचणीत टायमिंग मागं ठेवायचा आणि हायवेवर एका वेगात गाडी लागली की पुढं न्यायचा, असा आरोप होता. चाचणीत नॉक्स कमी आणि रस्त्यावर ॲव्हरेज जास्त. दंडाची रक्कम ८ कोटी ३४ लाख डॉलर होती.

भारतात अवजड डिझेल इंजिनांसाठी नॉक्सची मर्यादा बीएस-३ (भारत स्टेज नावाच्या धुराच्या नियमांचा तिसरा टप्पा) मध्ये एका किलोवॅट-तासाला ५ ग्रॅम होती. एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ मध्ये ती ३.५ झाली आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ मध्ये ०.४६. नुसतं टायमिंग मागं घेऊन हा शेवटचा आकडा गाठणं अशक्य. म्हणून बीएस-६ ट्रकना सायलेन्सरच्या वाटेवर युरियाच्या पाण्याची फवारणी आली, जिला आपण ॲडब्लू किंवा डीईएफ म्हणतो. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि तो नॉक्सचं रूपांतर पुन्हा नायट्रोजन आणि पाण्यात करतो. यामुळे इंजिन बनवणाऱ्यांना टायमिंग पुन्हा थोडं पुढं ठेवायची मोकळीक मिळाली. युरियाचा खर्च डोळ्यांत खुपतो, पण त्यातला काही भाग डिझेलच्या बचतीतून परत येतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

नवा ट्रक रांगेत इतका शांत कसा?

कॉमन रेल इंजिनात पंपाचं काम फक्त दाब तयार करणं. तो दाब एका जाड नळीत साठवलेला असतो आणि नोझल कधी उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे मधल्या आकड्याची ओढाताण संपली. आयडलला एक टायमिंग, घाटात दुसरं, थंड इंजिनाला तिसरं. शिवाय मुख्य फवाऱ्याच्या आधी एक-दोन घन मिलिमीटरचा इवलासा फवारा सोडता येतो. कढईत आधी चार दाणे टाकून बघावेत तसा. तो पेटतो, आतली हवा आणखी तापवतो आणि मागून येणारा मोठा फवारा साठून न राहता लगेच पेटू लागतो. जुन्या डिझेलचा ठणठणाट गेला तो मुख्यतः या छोट्या फवाऱ्यामुळे. ट्रकमध्ये ही पद्धत जपानमध्ये १९९५ साली हिनो या ट्रक कंपनीच्या गाडीत सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सोनं आणली.

"मग लॅपटॉप लावून आणखी मऊ करून मिळेल का?"

मिळेल असं सांगणारे भरपूर आहेत. रीमॅप करणारा कॉम्प्युटरमधले टायमिंगचे आणि डिझेलचे तक्ते बदलतो. पण कंपनीच्या तक्त्यात तो छोटा फवारा, युरियाची मात्रा, काजळीच्या फिल्टरची सफाई हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. टायमिंग पुढं नेलं तर नॉक्स वाढणार, सेन्सर ते पकडणार आणि गाडी ताकद कमी करून घेणार. मग तो सेन्सरच "बंद" करून देतो म्हणतात. इथं गोष्ट कायद्याच्या हद्दीत जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

नवा ट्रक रांगेत थरथरत असेल तर तक्ते बदलण्याआधी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. कारखान्यातून निघालेले दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून अनेक कंपन्या प्रत्येक इंजेक्टरची चाचणी घेऊन त्याचा स्वभाव सांगणारा अक्षर-आकड्यांचा कोड त्याच्या डोक्यावर छापतात आणि तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो. जुन्या पंपावर लॅबवाला मोजनळ्या ठेवून जे काम करायचा, तेच इथं हा कोड करतो. इंजेक्टर बदलताना कोड भरायचा राहिला, किंवा सफाईच्या वेळी तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर पाचव्यात गेला, तर कॉम्प्युटर चुकीच्या माहितीवर डिझेल मोजत राहतो. हायवेवर सगळं ठीक आणि आयडलला लंगडं, हीच जुनी तक्रार परत येते. इंजेक्टरचं काम करून घेताना नवे कोड आपल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि गाडी ताब्यात घेण्याआधी स्कॅनरच्या पडद्यावर तेच कोड, त्याच सिलिंडरसमोर दिसतात का ते मिस्त्रीला दाखवायला सांगावं.